एकटीच्या नावावर

२२ नोव्हेंबर २०२४ रोजी लंडनच्या ‘फोर एडी’ या ध्वनिमुद्रिका कंपनीने अकरा गाण्यांचा एक अल्बम बाजारात आणला. अल्बमचे नाव ‘नोबडी लव्हज यू मोअर’. गाणारी आणि गाणी लिहिणारी किम डील, वय वर्षे ६३. रॉक संगीत अधूनमधून कानावर पडते, पण त्यात फारसा जीव गुंतलेला नाही, अशा माणसाला हे नाव कदाचित ठाऊक नसेल. ज्याचा गुंतलेला आहे त्याला मात्र नुसते ‘किम’ म्हटले तरी पुरते. ‘पिक्सीज’ या बँडमध्ये बेस गिटार वाजवत तिने सुरुवात केली, मग ‘ब्रीडर्स’ हा स्वतःचा बँड काढला, एकट्या अमेरिकेत दहा लाखांवर खपलेला अल्बम दिला. आणि तरीही आपल्या एकटीच्या नावाने संपूर्ण अल्बम काढायला तिला जवळजवळ चाळीस वर्षे लागली. याआधीचा तिचा अल्बम, तोही बँडचाच, २०१८ सालचा. अशा वेळी ‘एकल’ आणि ‘पुनरागमन’ हे दोन शब्द आपोआप जिभेवर येतात. कलावंत कुठेतरी नाहीसा झाला होता, तो परत आला. पूर्वी चारचौघांत असायचा, आता एकटा उभा आहे. गोष्ट झकास जमते. पण हा अल्बम आणि त्याच्यामागची वर्षे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, तर या दोन्ही शब्दांत गफलत आहे असे माझे म्हणणे आहे. किम डील कुठे गेलेली नव्हती आणि हा अल्बम तिने एकटीने केलेला नाही. मग मुखपृष्ठावर तिचे एकटीचे नाव का, हा प्रश्न उरतो, आणि तोच जास्त रंजक आहे.

आधी तिच्या संगीताला लावल्या जाणाऱ्या ‘इंडी रॉक’ या शब्दाविषयी. ‘इंडिपेंडंट’चे हे बोलीतले रूप. १९८० च्या दशकात अमेरिका आणि ब्रिटनमध्ये काही थोड्या मोठ्या कंपन्यांच्या हाती ध्वनिमुद्रण, वितरण, रेडिओवरची जाहिरात असे सगळे होते. त्यांच्या दारात न जाता, थोड्या पैशांत, छोट्या कंपनीकडून किंवा स्वतःच्या खिशातून तबकड्या काढणारे जे बँड होते त्यांना हे नाव पडले. आपल्याकडे साठच्या दशकातल्या लिटल मॅगझिनवाल्यांची आठवण व्हावी असा हा प्रकार. प्रस्थापित मासिके छापत नाहीत ना, मग आपणच सायक्लोस्टाइल करून काढू. खप शे-दोनशेचा असला तरी चालेल, पण मजकुरात कुणाचे बोट नको. पुढे इंडी ही एक बाजारपेठच झाली आणि शब्दाची धार गेली, तो भाग वेगळा. लिटल मॅगझिनवाल्यांनी स्वतःसाठी एक फार चांगला शब्द घडवला होता: अनियतकालिक. निघेल तेव्हा निघेल. किम डीलच्या अल्बमांची सालावळ मांडली तर हाच शब्द सुचतो: १९९०, १९९३, १९९५, २००२, २००८, २०१८, २०२४. यातली कुठलीही दोन वर्षे हिशेबाने आलेली नाहीत. दर दोन वर्षांनी अल्बम, त्यामागे दौरा, मग पुन्हा अल्बम, या चक्रात बसणाऱ्यालाच ‘गैरहजेरी’ लागते. अनियतकालिकाचा अंक उशिरा आला असे कुणी म्हणत नाही.

किम आणि तिची जुळी बहीण केली यांचा जन्म १० जून १९६१ रोजी ओहायो राज्यातल्या डेटन शहरात झाला. वडील तिथल्या राइट-पॅटरसन हवाई दलाच्या तळावर लेझरचे शास्त्रज्ञ. मुलींनी किशोरवयातच घरी ध्वनिमुद्रणाची सामग्री जमवली होती. दोघी मिळून ट्रकवाल्यांच्या थांब्यांवर आणि बारमध्ये जुनी कंट्री गाणी गात. म्हणजे गाणी लिहिणे आणि ती स्वतः टेपवर उतरवणे या दोन्ही गोष्टी पिक्सीजच्या कितीतरी आधीच्या. १९८५ मध्ये लग्न होऊन ती बॉस्टनला आली. तिथल्या ‘बॉस्टन फिनिक्स’ या साप्ताहिकात तिने एक जाहिरात पाहिली: बेसवादक हवा, त्याला ‘हस्कर डू’ हा कर्कश पंक बँड आणि ‘पीटर, पॉल अँड मेरी’ हे मधुर लोकगायक, दोन्ही आवडले पाहिजेत. या विचित्र जाहिरातीला उत्तर फक्त तिनेच दिले. तिच्याकडे बेस नव्हता, तो तिला वाजवताही येत नव्हता. बहिणीचे वाद्य आणून ती शिकली. पिक्सीज हा बँड असा जमला.

पिक्सीजच्या पहिल्या दोन ध्वनिमुद्रिकांवर किम डील हे नाव शोधून सापडत नाही. तिथे ‘मिसेस जॉन मर्फी’ असे छापले आहे. नवऱ्याच्या नावाने ओळखले जाण्यातच मान आहे असे मानणाऱ्या बायकांची ही तिने केलेली थट्टा होती. लग्नपत्रिकांवर ‘सौ.’ पुढे नवऱ्याचे नाव वाचत मोठे झालेल्या आपल्या वाचकाला यातली खोच समजावून सांगायला नको. १९८८ च्या ‘सर्फर रोझा’मध्ये तिने गायलेले ‘जायगँटिक’ हे गाणे आहे. ते तिने आणि बँडचा म्होरक्या ब्लॅक फ्रान्सिस याने मिळून लिहिले. ध्वनिमुद्रक स्टीव्ह अल्बिनीने त्यातला तिचा आवाज स्टुडिओच्या बाथरूममध्ये मुद्रित केला, कारण तिथल्या भिंतींचा घुमारा त्याला हवा होता. कडव्यात जवळजवळ कुजबुजायचे आणि ध्रुवपदात एकदम गिटारचा कडकडाट करायचा, ही पिक्सीजची रीत पुढे जगभर पसरली. ‘निर्वाणा’च्या कर्ट कोबेनने तर आपण ती उचलल्याचे मोकळेपणाने कबूल केले होते. हे खरे असले, तरी बँडमध्ये लेखणी फ्रान्सिसच्या हाती होती. त्यानंतरच्या ‘डूलिटल’ या अल्बममध्ये ‘सिल्व्हर’ हे एक गाणे तिच्या वाट्याला आले, आणि १९९० व १९९१ च्या पुढच्या दोन अल्बमांत एकही नाही. गाणी तर होतीच. त्यांना ठेवायला भांडे नव्हते.

ते भांडे म्हणजे ब्रीडर्स. १९९० चा ‘पॉड’ हा अल्बमही अल्बिनीनेच मुद्रित केला, एडिनबर्गमध्ये. पिक्सीज फुटल्यावर १९९३ मध्ये ‘लास्ट स्प्लॅश’ आला. त्यातले ‘कॅननबॉल’ हे गाणे आजही पहिल्या काही सेकंदांत ओळखू येते: आधी घोगऱ्या ध्वनिक्षेपकातून येणारा आवाज, मग एकटा बेस, तोही आरंभी एका स्वराने चुकल्यासारखा. बहीण केली या बँडमध्ये गिटारवादक म्हणून आली तेव्हा तिला गिटार धड येत नव्हती. हेच सूत्र बॉस्टनमध्येही होते. डील भगिनींकडे वाद्य आधी हातात येते आणि ते वाजवणे मागाहून. अल्बम दहा लाखांवर गेला, आणि नेमक्या त्याच सुमारास घडी विस्कटली. केलीला हेरॉइनच्या प्रकरणात अटक झाली, तिला व्यसनमुक्ती केंद्रात जावे लागले. आता एकटीनेच काहीतरी करावे असे किमने ठरवले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका प्रसंग हा आहे. ठरवले एकल ध्वनिमुद्रण, आणि १९९५ मध्ये प्रत्यक्षात निघाला तो ‘अ‍ॅम्प्स’ नावाच्या चार जणांच्या बँडचा ‘पेसर’ हा अल्बम. सोबतीला माणसे बोलावली, ती तालमीला येऊ लागली, आणि बघता बघता बँड झाला. म्हणजे एकल अल्बमची कल्पना २०२४ ची नव्हे. ती तीस वर्षे तिच्या पदरी होती, आणि तिचा दरवेळी बँड होत होता.

आता मधल्या रिकाम्या वाटणाऱ्या वर्षांकडे येऊ. त्यांची कारणे एकाच जातीची नाहीत, आणि सगळी उदात्तही नाहीत. किम स्वतः दीर्घकाळ दारू आणि मादक पदार्थांच्या आहारी गेली होती. २००२ मध्ये तिने उपचार घेतले आणि ती त्यातून बाहेर पडली. हे तिने कधी लपवले नाही. दुसरे कारण तिच्या कामाच्या पद्धतीत आहे. आज कुठल्याही स्टुडिओत गाणे संगणकात उतरते: चुकलेला ताल माउसने सरळ करता येतो, घसरलेला स्वर जागेवर आणता येतो, ध्रुवपद एकदाच गाऊन चार ठिकाणी चिकटवता येते. किमला हे नको होते. चुंबकीय टेपवर वाजवायचे, चुकले तर पुन्हा वाजवायचे, संपादनही टेपवरच. २००८ च्या ‘माउंटन बॅटल्स’च्या वेळी तिने या पद्धतीला ‘ऑल वेव्ह’ असे नावच देऊन टाकले. या रीतीत एका गाण्याला किती दिवस लागतील हे सांगता येत नाही, कारण गाणे जमले की नाही हे ठरवणारे यंत्र नसते, कान असतो. मध्यंतरी २००४ मध्ये पिक्सीज पुन्हा एकत्र आले. त्या दौऱ्यांत तिची जवळजवळ दहा वर्षे बहुतेक जुन्याच गाण्यांवर गेली, आणि २०१३ मध्ये तिने तो बँड कायमचा सोडला. गैरहजेरी लावायचीच असेल तर मी ती या काळाला लावीन. हजारो लोकांसमोर रंगमंचावर असूनही गीतकार म्हणून ती तिथे जवळजवळ नव्हतीच.

तिसरे कारण डेटनमधल्या घरात होते. तिच्या आईला अल्झायमर झाला. हा आजार एका दिवसात येत नाही आणि एका दिवसात नेतही नाही. वर्षानुवर्षे माणूस थोडा थोडा निसटत जातो आणि घरातल्यांचे वेळापत्रक त्या निसटण्याभोवती फिरते. किम डेटनला राहून आईवडिलांचे पाहू लागली. आई एकदा घरातल्या बोळात समोर आली आणि तिने लेकीला विचारले, तू माझी का? त्या प्रश्नातून ‘आर यू माइन?’ हे गाणे निघाले. २०११ च्या सुमारास, पिक्सीजचा एक दौरा आटोपून ती काही काळ लॉस एंजेलिसला असताना, त्याचे पहिले रूप तयार झाले. २०१३ आणि २०१४ मध्ये तिने स्वतःच्या खर्चाने, स्वतःच्या नावाने सात इंची तबकड्यांची जी मालिका काढली तीत ते होते. २०१९-२० या काळात वडील गेले, आईही गेली. आणि २०२४ च्या अल्बममध्ये हेच गाणे नव्या रूपात चौथ्या क्रमांकावर आले. तेरा वर्षे. एका गाण्याला इतकी वर्षे लागली असे म्हणायचे, की ते गाणे तेरा वर्षे चालू होते असे म्हणायचे? पहिल्या रूपाच्या वेळी आई हयात होती. शेवटच्या रूपात प्रश्न विचारणारी उरलेली नाही. शब्द फारसे बदलले नाहीत, पण ते गाणारी माणसाच्या नात्यात दुसऱ्या जागी जाऊन पोहोचली होती.

यावर रास्त आक्षेप असा की, हे सगळे दिरंगाईला दिलेले गोंडस नाव आहे. व्यसन, घोळ, टेपचा हट्ट यांत वर्षे गेली. त्याला साधना म्हणू नका. आक्षेप घेणाऱ्याने दूर जाण्याची गरज नाही, डेटनमध्येच त्याला भक्कम पुरावा मिळेल. ‘गायडेड बाय व्हॉइसेस’चा रॉबर्ट पोलार्ड त्याच शहरातला. शाळेत मुलांना शिकवता शिकवता घरच्या साध्या टेपरेकॉर्डरवर तो गाणी मुद्रित करू लागला आणि पुढे त्याने बँडचे, स्वतःचे, टोपणनावांचे मिळून शंभराहून अधिक अल्बम काढले. त्याच्या एका वर्षाच्या पिकात किमची तीन दशके मावतील. दोघांत वैर नाही. ब्रीडर्सने पोलार्डच्या बँडचे गाणे मुद्रितही केले आहे. पण पोलार्डचे उदाहरण सिद्ध काय करते? पाटा-वरवंटा आणि मिक्सर यांत श्रेष्ठ कोण हा वाद जसा निरर्थक, तसाच हाही. पोलार्डची कला विपुलतेची आहे. शंभर तुकडे उधळावेत, त्यांतले दहा चमकावेत, आणि न चमकलेल्यांनाही आपली गंमत असावी. किमची गाणी छोटी, त्यांत शब्द मोजके आणि मध्ये मोकळी जागा भरपूर. जिथे इतके कमी असते तिथे प्रत्येक चूक उघडी पडते. ‘कॅननबॉल’मधला चुकल्यासारखा बेस चुकून राहिलेला नाही, तो ठेवलेला आहे, आणि कुठली चूक ठेवायची हे ठरवायला, कुठली काढायची हे ठरवण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. व्यसनात गेलेली वर्षे मात्र गेलीच. ती मी या हिशेबात धरत नाही, आणि ती धरल्याशिवायही बाकी बरीच शिल्लक राहते.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. सावकाशपणा परवडावा लागतो. ज्या बँडला घरभाडे दौऱ्यातून काढायचे असते त्याने सहा वर्षे टेप लावून बसावे हे बोलायला सोपे आहे. किमच्या मागे दहा लाख प्रतींचा अल्बम होता. शिवाय इंग्लंडच्या ‘प्रॉडिजी’ या गटाने १९९६ च्या ‘फायरस्टार्टर’ या प्रचंड गाजलेल्या गाण्यात ‘लास्ट स्प्लॅश’मधला गिटारचा एक तुकडा वापरला आणि त्यामुळे त्या गाण्याच्या गीतकारांत तिचेही नाव लागले. मानधनाचा असा झरा मागे असणे ही चैन आहे, हे मान्य करायलाच हवे. आज गाणी ऐकली जातात ती बहुतेक मोबाइलवरच्या सेवांतून, आणि तिथे एका श्रवणामागे कलावंताच्या हाती रुपयाचाही छोटासा अंश पडतो. आजच्या पंचविशीतल्या गीतकाराला किमसारखे आयुष्य बहुधा मिळणार नाही. पण या आक्षेपाने तिच्या पद्धतीला दोष लागत नाही, आजच्या व्यवहाराला लागतो. आणि एक गोष्ट विसरू नये: ज्यांच्यामागे तिच्यापेक्षा कितीतरी मोठे झरे आहेत असे अनेक जण वेळ मिळूनही जुन्याच गाण्यांचे दौरे काढत बसतात. तसा दौरा तर तिच्यापुढे चालून आलेला होता. तोच तिने २०१३ मध्ये सोडला.

आता ‘एकल’ या शब्दाकडे. अल्बमवर कोण कोण आहे? बहीण केली आहे. ब्रीडर्समधले आजी-माजी सहकारी आहेत: ड्रमवादक जिम मॅकफर्सन, बेसवादक मँडो लोपेझ, ‘पॉड’च्या वेळचा ब्रिट वॉलफर्ड. ‘टीनएज फॅनक्लब’ या स्कॉटिश बँडचा रेमंड मॅकगिन्ली, ‘रॅकंटर्स’चा जॅक लॉरेन्स, ‘सॅव्हेजेस’च्या आयशे हसन आणि फे मिल्टन आहेत. शिवाय तंतुवाद्ये आणि पितळी वाद्ये वाजवणारे. ब्रीडर्समध्ये एका वेळी इतकी माणसे कधीच नव्हती. गंमत अशी की मुखपृष्ठावर किम समुद्रात तरंगताना दिसते, आणि ही रचना बास यान आडर या डच कलावंताला उद्देशून केलेला सलाम आहे. आडर १९७५ मध्ये साडेबारा फुटांच्या नावेतून एकटाच अटलांटिक ओलांडायला निघाला. ती त्याची कलाकृती होती. पुढल्या वर्षी नाव आयर्लंडच्या किनाऱ्यापासून दूर सापडली, तो सापडला नाही. एकट्याने निघण्याचे इतके टोकाचे प्रतीक मुखपृष्ठावर घेऊन आत मात्र डझनभर माणसे बोलवायची, यात किमची जुनी थट्टा मला दिसते. ‘मिसेस जॉन मर्फी’च्याच कुळातली.

मग एकटीचे काय आहे? माझे उत्तर असे: बँड हा सगळ्यांनी मिळून घातलेला दंडक असतो. ब्रीडर्स म्हटले की दोन गिटार, बेस, ड्रम आणि दोन बहिणींचे एकमेकींवर रेललेले आवाज. त्या चौकटीत न मावणारे गाणे सुचले तर ते एकतर कापून बसवावे लागते किंवा खणात पडून राहते. या अल्बमचे पहिले, शीर्षकाचेच गाणे ऐका. तंतुवाद्यांच्या झुल्यावर सुरू होते, जुन्या काळच्या नृत्यगृहातल्या गायिकेसारखे, आणि मध्येच पितळी वाद्ये दार ढकलून आत येतात. पहिल्या कडव्यापाशीच कळते की हे ब्रीडर्स नव्हे. ‘कोस्ट’ त्याहून फसवे. ट्रम्पेट-ट्रोम्बोनांचा सूर सहलीला निघाल्यासारखा, पण आतला मजकूर एका हरलेल्या माणसाचा. तिच्या वाईट दिवसांत समुद्रकिनाऱ्यावर पोरांना लाटांवर खेळताना पाहिल्याची आठवण त्यामागे आहे. ‘समरलँड’ अल्बिनीने भेट दिलेल्या युकुलेलेवर रचलेले. फ्लोरिडाच्या टोकाशी असलेल्या ज्या बेटांवर ती आईवडिलांना हिवाळ्यात घेऊन जाई, त्यांतल्या एकाचे हे नाव. इवल्याशा वाद्यापासून गाणे जुन्या चित्रपटाच्या शेवटासारखे फुगत जाते. दुसरीकडे ‘क्रिस्टल ब्रेथ’ आणि ‘बिग बेन बीट’ यांत ड्रम आणि बेस इतके खरखरीत केले आहेत की स्पीकर बिघडला की काय असे वाटावे. ‘क्रिस्टल ब्रेथ’ मुळात एका दूरचित्रवाणी मालिकेच्या शीर्षकगीतासाठी सुरू केलेले, तिथे नापसंत झालेले. नाकारलेले गाणे फेकायचे नाही, हाही अनियतकालिकवाल्यांचाच स्वभाव. चाळीस मिनिटांच्या आत एवढ्या वेगवेगळ्या खोल्यांतून फिरवून आणणे चार जणांच्या सहमतीने होत नाही. कोणीतरी एकाने, हे चालेल, म्हणावे लागते आणि त्याची जबाबदारी घ्यावी लागते. मुखपृष्ठावरचे एकटे नाव म्हणजे ती सही आहे. हात अनेकांचे, सही एकीची.

‘आर यू माइन?’ तर बँडच्या नावाखाली गेलेच नसते असे मला वाटते. संथ, झुलत्या चालीतले ते गाणे अनोळखी श्रोता प्रेमगीत म्हणून ऐकतो, आणि त्यात त्याची चूक नाही. प्रियकराने विचारावा असाच तो प्रश्न आहे. तो आईने विचारलेला आहे हे कळल्यावर गाण्यातला एकही शब्द बदलत नाही, फक्त पायाखालची जमीन बदलते. इथे कुणी म्हणेल की कलावंत स्त्री असली की तिच्या गाण्यात लेक, आई, बायको शोधायची खोड आपल्याला जडली आहे; फ्रान्सिसच्या गाण्यांविषयी बोलताना आपण त्याच्या आईची चौकशी करत नाही. खोड आहे, हे खरे. तिच्या सेवेच्या कौतुकात तिच्या स्वरांची जाण हरवली तर तो अन्यायच. पण इथे चरित्र आपण बाहेरून आणून चिकटवलेले नाही, तिनेच ते गाण्याचे बीज म्हणून पेरले आणि मग इतके झाकले की गाणे त्याच्याशिवायही उभे राहते. ज्या गाण्याला टिपणीची गरज असते ते कच्चे. हे टिपणीशिवाय चालते आणि टिपणी मिळाली तर दुप्पट होते. उलट शंका अशीही घेता येईल की हे सगळे कौतुक वयाला घातलेला नमस्कार आहे. त्या शंकेला थोडी जागा मी देतो. ‘बॅट्स इन द आफ्टरनून स्काय’ हा जेमतेम एक मध्यांतर आहे, आणि ‘डिसओबिडियन्स’सारखे गाणे ब्रीडर्सच्या कुठल्याही अल्बममध्ये खपून गेले असते. पण वयाचा आदर म्हणून कुणी ‘कोस्ट’ पुन्हा पुन्हा लावत नाही.

तरुण श्रोत्यांनी तर तिला वयाच्या कोपऱ्यात बसवलेलेच नाही. २०२४ च्या एप्रिलमध्ये ऑलिव्हिया रॉड्रिगोने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या आपल्या मैफलींत आधी वाजवण्यासाठी ब्रीडर्सना बोलावले. रॉड्रिगोचा जन्म २००३ चा. ‘लास्ट स्प्लॅश’ तिच्याहून दहा वर्षांनी मोठा. पुढ्यातल्या हजारो मुलींपैकी अनेकींच्या आयांनी तो अल्बम कॅसेटवर घेतला असणार. महिन्याभरात, ७ मे रोजी, शिकागोमध्ये स्टीव्ह अल्बिनी हृदयविकाराने गेला, वय ६१. ‘सर्फर रोझा’पासून ब्रीडर्सच्या २००२ च्या ‘टायटल टीके’पर्यंत आणि पुढेही किमच्या कितीतरी गाण्यांच्या टेप त्याच्या हाताखालून गेल्या होत्या. स्वतःला तो निर्माता म्हणवून घेत नसे. आपल्याला प्लंबरसारखी कामाची मजुरी द्यावी, तबकडीच्या विक्रीतला हिस्सा नको, असे त्याचे म्हणणे असे. गाणे ज्यांचे, पैसे त्यांचे. निर्वाणासारख्या प्रचंड खपाच्या बँडचे काम करतानाही त्याने हा हिस्सा नाकारला होता. खोलीत माणसे जशी वाजवतात तशी ती टेपवर उतरवायची, एवढेच आपले काम, असे तो मानी. किमचा टेपचा हट्ट आणि अल्बिनीचा हा हिशेब एकाच मातीतले.

‘नोबडी लव्हज यू मोअर’मधले शेवटचे गाणे ‘अ गुड टाइम पुश्ड’. ते त्याने नोव्हेंबर २०२२ मध्ये शिकागोच्या आपल्या ‘इलेक्ट्रिकल ऑडिओ’ या स्टुडिओत मुद्रित केले. त्यात तंतुवाद्ये नाहीत, पितळी वाद्येही नाहीत. गिटार, बेस, ड्रम आणि किमचा आवाज. एका खोलीत वाजवले आहे हे ऐकू येते. अल्बम दुकानात आला तेव्हा त्या टेपला दोन वर्षे झाली होती, आणि ती फिरवणाऱ्याला जाऊन साडेसहा महिने.